थ्रेड, मॅटर आणि रोज रात्री गायब होणारा सेन्सर

चिंचवडकर
मंडळी, थ्रेडबद्दल (घरातल्या स्मार्ट वस्तूंचं एकमेकांशी बोलायचं बिनतारी जाळं) धागा काढतोय, त्यावरचे सगळे विनोद आधीच करून घ्या म्हणजे नंतर मुद्द्यावर येता येईल.

तर झालंय असं की मी गेल्या दिवाळीपासून थोडं थोडं करत घर स्मार्ट करायला घेतलं. आधी वायफायवाले बल्ब होते, ते आमच्या राउटरला झेपेनात, पंधरा-सोळा वस्तू झाल्या की कोणीतरी एक रुसून बसायचं. मग मित्राच्या नादाने मॅटर-ओव्हर-थ्रेडवाल्या (वस्तूंची बोलायची भाषा मॅटर, ती नेणारं जाळं थ्रेड) वस्तू घेतल्या. सध्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी स्पीकर आहे तोच बॉर्डर राउटर (थ्रेडचं जाळं घरच्या वायफायला जोडणारा), तीन बल्ब (हॉल, पॅसेज, बेडरूम), हॉलमध्येच एक स्मार्ट प्लग, मेन दाराला सेन्सर आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनखाली पाणीगळतीचा सेन्सर. हा शेवटचा का, तर मागच्या पावसाळ्यात आम्ही लग्नाला कोल्हापूरला आणि इकडे मशीनचा पाइप निसटला, खालच्या काकांच्या छताचं पीओपी पापडासारखं फुगलं, तो खर्च आणि ते बोलणं दोन्ही अजून आठवतंय.

नेमका हाच सेन्सर रोज रात्री गायब. सगळं होम असिस्टंटला (स्मार्ट घर चालवायचं सॉफ्टवेअर) जोडलंय त्यामुळे इतिहास दिसतो. रात्री १०:४० च्या सुमारास "अनअवेलेबल", सकाळी सहा-सव्वासहाला आपोआप हजर. रोज. आणि सेल दोन महिन्यांत तीन वेळा बदलला, खोक्यावर दोन वर्षं लिहिलंय. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे राउटर बंद-चालू करा. केला. काय फरक पडणार.

फ्यूजउडाला
सेन्सर डिफेक्टिव्ह आहे, परत करा. माझाही असाच होता.

कंदीलवाला
आमच्या वेळी बटण दाबलं की दिवा लागायचा आणि पाणी गळलं की पाय ओले व्हायचे. दिवे घ्या :)

वायरमन७७
साहेब, थ्रेड वाचून मला वाटलं आट्याच्या, म्हणजे बल्ब फिरवून बसवायच्या होल्डरबद्दल विचारताय म्हणून आत आलो. हे वेगळंच निघालं. वाचतोय.

पाटावरवंटा
डिफेक्टिव्ह असता तर रोज सकाळी वेळेवर कामावर आला नसता, फ्यूजउडाला :)

मी बाणेरला याच कामात आहे, अशाच छोट्या रेडिओंचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) लिहिते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

तुमच्या थ्रेडवाल्या वस्तू दोन जातीच्या आहेत. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या (बल्ब, प्लग) आणि सेलवर चालणाऱ्या (दोन्ही सेन्सर). विजेवरच्या वस्तू नेटवर्कमध्ये राउटर होऊ शकतात, म्हणजे दुसऱ्यांची माहितीची पाकिटं पुढे ढकलतात. एका नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त ३२ राउटर, कोणी व्हायचं ते त्यांचं तेच ठरवतात, त्यातलाच एक लीडर होतो आणि तो गेला तर दुसरा कोणीतरी गादीवर बसतो. सेलवरची वस्तू मात्र बहुतेक वेळ झोपलेली असते, रेडिओ बंद करून. तिचा एकच पालक राउटर ठरलेला असतो. तिच्यासाठी आलेले निरोप पालक आपल्याकडे ठेवून घेतो, ही अधूनमधून जागी होऊन विचारते की माझ्यासाठी काही आहे का, नसेल तर परत झोपते. स्टँडर्डमध्ये खरोखरच पेरंट आणि चाइल्ड हेच शब्द आहेत.

आता हा पालकच गायब झाला तर? लेकरू घाबरून उठतं आणि नवा पालक शोधायला लागतं. शोधायचं म्हणजे रेडिओ चालू ठेवून हाका मारायच्या आणि उत्तराची वाट बघायची. झोपेत हा रेडिओ काही मायक्रोअँपिअर खातो, ऐकताना पाच-सहा मिलिअँपिअर, हजारपटीच्या वर झालं की नाही? तुमच्या सेन्सरात सीआर२०३२ असेल तर त्यात साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात, रेडिओ सलग चालू राहिला तर दोन दिवससुद्धा निघत नाहीत. अर्थात सलग कोणी चालू ठेवत नाही, मध्येमध्ये दम खातात, पण रोज रात्री सात-साडेसात तास हाका मारणं चाललं असेल तर तीन सेल का गेले ते कळतं.

म्हणजे प्रश्न असा की रात्री १०:४० ला तुमच्या घरात काय बंद होतं?

चिंचवडकर
काहीच नाही. म्हणजे आम्ही झोपतो.

पाटावरवंटा
झोपायच्या आधी दिवे कोण बंद करतं आणि कुठून?

चिंचवडकर
अरे देवा.

आई. बोर्डावरून. झोपायच्या आधी सगळ्या घरात फिरून एकेक बटण बंद करते, गॅसचा नॉब बघते, दाराची कडी बघते. पॅसेजचा बल्ब अ‍ॅपवरून बंद असला तरी तिला बटण वर दिसतं म्हणून खाली करते. आणि पहाटे उठली की पॅसेजचा दिवा लावते, साडेपाच-सहाला.

फ्यूजउडाला
सापडला चोर! बल्बच पालक होता म्हणजे.

कंदीलवाला
चोर कसला, एकटी माऊलीच वीज वाचवतेय त्या घरात.

चिंचवडकर
आत्ताच करून पाहिलं. बटण बंद केलं, पाच-सात मिनिटांत सेन्सर गेला. चालू केलं, थोड्या वेळाने आला. दोन महिने मी वायफायचे चॅनल बदलत बसलो होतो, च्यायला.

पण एक कळलं नाही. हॉलमधला प्लग तर चालूच असतो, स्पीकर चालू असतो, सेन्सरने त्यांना पालक का नाही केलं?

मुक्कामपोस्टम्युनिक
कारण तुमचं घर विटांचं आहे :) हॉल ते ड्राय बाल्कनी मध्ये काय काय येतं ते मोजा.

चिंचवडकर
हॉलची भिंत, पॅसेजची भिंत, मग किचन, त्यात ग्रॅनाइटचा ओटा आणि फ्रिज, मग ड्राय बाल्कनीची भिंत. सेन्सर जमिनीवर, वरून वॉशिंग मशीनचं लोखंड.

मुक्कामपोस्टम्युनिक
झालं मग. इकडे नवीन घरांत आतल्या भिंती बऱ्याचदा जिप्सम बोर्डाच्या असतात, रेडिओ आरपार जातो, त्यामुळे कंपन्यांच्या जाहिरातीत एका स्पीकरवर अख्खं घर चालतं. चिंचवडमध्ये तेच गणित लावू नका.

इकडे या वस्तूंचा सुळसुळाट आहे बाकी. ईव्ह कंपनी इथलीच, म्युनिकची, त्यांचं बरंच सामान थ्रेडवर चालतं, आयकियानेही २०२५ मध्ये मॅटर-ओव्हर-थ्रेडची मोठी मालिका काढली. मागच्या सुट्टीत मी उत्साहाने बॅगेत सहा बल्ब घालून सांगलीला आणले आणि घरी आल्यावर ट्यूब पेटली, इकडे आट्याचे होल्डर, आपल्याकडे पिनचे. वायरमन७७ यांचा विनोद मला जास्तच लागला.

वायरमन७७
:) पिनच्या होल्डरला आट्याचा कन्व्हर्टर मिळतो साहेब, कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात. पण लांबट होतं, शेडच्या बाहेर बल्ब लोंबकळतो.

आज्जीचाफोन
मला एक बेसिक शंका आहे, हसू नका. हे थ्रेड इंटरनेटवर चालतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्याकडे नेट आठवड्यातून दोनदा जातं, केबल कोणीतरी तोडतं. मग दिवे लागणार नाहीत का? अंधारात बसायचं?

पाटावरवंटा
हसण्यासारखं काही नाही, हा घोळ जाहिरातवाल्यांनीच घातलाय. थ्रेडमध्ये इंटरनेट प्रोटोकॉल वापरतात, इंटरनेट नव्हे. म्हणजे पत्ता लिहायची आणि पाकीट पोचवायची पद्धत तीच, आयपीव्ही६ची, पण पाकीट घराबाहेर जायलाच पाहिजे असं नाही. फायबर उपटून ठेवा, घरचं वायफाय चालू ठेवा आणि फोनवरून बल्ब लावून बघा, लागेल. नेट लागतं ते बाहेरगावाहून दिवा लावायला, आणि आवाजी हुकूम बऱ्याचदा बाहेरच्या सर्व्हरवर जातात त्याला.

आधीच्या झिगबीत (असंच जुनं बिनतारी जाळं) आणि यात फरक नेमका इथे आहे. रेडिओ दोघांचा एकच, आठशे दोन डॉट पंधरा डॉट चार, २.४ गिगाहर्ट्झ, वेग सेकंदाला २५० किलोबिट. पण झिगबी बल्बला आयपी पत्ता नसतो, मधल्या हबला दुभाष्याचं काम करावं लागतं, आणि प्रत्येक कंपनीचा दुभाष्या वेगळा. थ्रेडमध्ये बल्बलाच आयपीव्ही६ पत्ता. बॉर्डर राउटर दुभाष्या नाही, पोस्टमन आहे. पाकीट फोडत नाही, वायफायच्या बाजूने आलं ते थ्रेडच्या बाजूला देतो. म्हणून एकाऐवजी तीन पोस्टमन ठेवले तरी चालतात, एक सुट्टीवर गेला तर दुसरा देतो.

गंमत अशी की हे बसवणं सोपं नव्हतं. या रेडिओची एक फ्रेम (एका वेळी जाणारा घास) १२७ बाइटची, आणि आयपीव्ही६ म्हणतं की मला किमान १२८० बाइटचं पाकीट नेता आलं पाहिजे. नुसता पत्त्याचा मथळाच ४० बाइटचा. म्हणजे पोस्टकार्डावर पूर्ण पत्ता, पिनकोड, जिल्हा, राज्य लिहायला गेलं तर मजकुराला चार ओळी उरायच्या. त्यावर २००७ च्या आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा कागद) ४९४४ मध्ये आणि नंतर २०११ च्या ६२८२ मध्ये उपाय काढला तो आपल्याकडच्या वाण्यासारखा. गल्लीतल्या वाण्याला आपण पत्ता सांगतो का? "तिसऱ्या मजल्यावर पाठवा" एवढं बास. जे दोघांना आधीच माहीत आहे ते लिहायचंच नाही, शेजाऱ्याशेजाऱ्यांत तो ४० बाइटचा मथळा २ बाइटवर येतो, दोन-चार टप्पे ओलांडायचे असतील तर ७ वर. आणि मोठं पाकीट असेल तर तुकडे करून पाठवायचं. याला सिक्सलोपॅन म्हणतात. मला अजूनही या क्षेत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. बल्बच्या आत काय चाललंय याचं कौतुक कोणी करत नाही म्हणून इथे करून घेतलं.

आज्जीचाफोन
वाण्याच्या उदाहरणाने एकदम डोक्यात शिरलं. धन्स!

कंदीलवाला
हे मात्र आवडलं. मोदक.

फ्यूजउडाला
पण मग झिगबी काय वाईट? माझ्याकडे ह्यूचे झिगबीवाले दिवे आहेत, किती वर्षं झाली, एकदाही तक्रार नाही. हे थ्रेड २०१४ पासून येणार येणार म्हणत होते, नेस्ट, सॅमसंग, आर्म वगैरेंनी ग्रुप काढला तेव्हापासून. खऱ्या अर्थाने आलं कधी तर २०२२ च्या ऑक्टोबरात मॅटर १.० आलं तेव्हा.

पाटावरवंटा
झिगबी वाईट नाहीच. आहे ते चालू आहे तर हात लावू नका. आणि आईने बोर्डावरून बटण बंद केलं तर झिगबीचं जाळंही असंच फाटतं, त्यात फरक नाही.

चिंचवडकर
आता पुढचा प्रश्न. आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली "बटण चालू ठेवायचं आणि दिवा बंद ठेवायचा, मग बटण कशाला आहे?" याला उत्तर नाही माझ्याकडे. वर म्हणे बिल कोण भरणार.

पाटावरवंटा
बिलाचं उत्तर आहे. बंद असलेला स्मार्ट बल्ब अर्धा वॅट धरा. ०.५ गुणिले २४ गुणिले ३० म्हणजे महिन्याला ३६० वॅट-तास, अर्धं युनिटसुद्धा नाही. पहिल्या वाक्याला मात्र माझ्याकडेही उत्तर नाही, तुमची आई बरोबर बोलतेय. जे बटण माणूस सहज बंद करतो त्याच्या भरवशावर जाळं उभं करायचंच नाही. बल्ब राउटर झाला तर तो फुकटचा समजायचा, कणा वेगळा पाहिजे. जिथे कोणाचा हात जात नाही अशा पॉइंटला एक स्मार्ट प्लग लावा, त्यावर काही चालवू नका हवं तर, तो नुसता राउटर म्हणून बसू दे.

वायरमन७७
आता माझ्या कामाचं आलं म्हणून लिहितो.

किचनला ओट्याच्या वर वॉटर प्युरिफायरचा पॉइंट असतो बघा, तो सहसा कोणी बंद करत नाही. तिथून ड्राय बाल्कनीचं दार समोर असतं बहुतेक फ्लॅटमध्ये. प्लग तिथे लावा. फ्रिजला नको, गीझरला तर नकोच, ते १६ अँपिअरचे पॉइंट आणि हे छोटे प्लग लोडला टिकत नाहीत.

बल्बऐवजी बोर्डाच्या मागे बसणारं मॉड्यूल घेतलं तर बटणही चालतं आणि मॉड्यूलही जिवंत राहतं, म्हणजे आईसाहेबांचा प्रश्न सुटतो. पण त्याला न्यूट्रल लागतो. लोक म्हणतात आपल्याकडे बोर्डात न्यूट्रल नसतो, ते अर्धं खरं आहे. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असणारच, त्याशिवाय सॉकेट चालेल कसं. नसतो तो नुसत्या बटणांच्या बोर्डात, बेडच्या उशाशी किंवा बाथरूमबाहेर. बिनन्यूट्रलची मॉड्यूल येतात पण ती फार थोड्या विजेवर जगतात, बहुतेक राउटर होत नाहीत म्हणे, ते ताई सांगतील.

दुसरं, कन्सील्ड बोर्डाची पेटी पत्र्याची असेल तर आत बसवलेल्या मॉड्यूलची रेंज मार खाते. प्लास्टिकची पेटी असेल तर बरं. आणि हे काम स्वतः करू नका, एमसीबी पाडून, माणूस बोलावून.

पाटावरवंटा
बरोबर आहे दादा, बिनन्यूट्रलवाली बहुतेक एंड डिव्हाइस (दुसऱ्यांची पाकिटं न ढकलणारी) म्हणूनच राहतात. पत्र्याच्या पेटीचं तर आमच्या ऑफिसात मोठ्या अक्षरात लिहून लावायला हवं.

आज्जीचाफोन
माझी वेगळी तक्रार. मी पण घेतला बल्ब, पेअर झाला, एक दिवस चालला आणि आता "नो रिस्पॉन्स". बेडरूममध्ये गेले की बंद, हॉलमध्ये आले की चालू. बल्ब एकच आहे आणि तो हलत नाही, मी हलतेय!

मुक्कामपोस्टम्युनिक
घरात दोन वायफाय आहेत का? केबलवाल्याने दिलेला डबा एक आणि बेडरूमला रेंज येत नाही म्हणून तुम्ही घेतलेला राउटर दुसरा?

आज्जीचाफोन
हो. तुम्हाला कसं कळलं?

मुक्कामपोस्टम्युनिक
सांगलीला घरी हेच होतं. दुसरा राउटर त्याचं वेगळंच नेटवर्क काढतो, म्हणजे एकाच घरात दोन गावं. बॉर्डर राउटर एका गावात, तुमचा फोन दुसऱ्या गावात गेला की "बल्ब कुठे आहे" ही हाक वेशीबाहेर जात नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तो करा, मग गाव एकच होईल. तिथेच आयपीव्ही६ बंद करून ठेवलेलं असेल तर चालू करा, आणि गेस्ट वायफायवर फोन जोडून बल्ब शोधू नका.

हाच घोळ थ्रेडच्या बाजूलाही होतो. माझ्याकडे दोन कंपन्यांचे बॉर्डर राउटर होते आणि दोघांनी आपापलं वेगळं थ्रेड नेटवर्क काढलं, अर्धे बल्ब याच्याकडे, अर्धे त्याच्याकडे, मग जाळं दाट कसं होणार. २०२४ च्या सप्टेंबरात थ्रेड १.४ आलं त्यात नेटवर्कची किल्ली एकमेकांना द्यायची ठरलेली पद्धत आहे. जुन्या वस्तूंना अपडेट मिळेल तेव्हा खरं, म्हणून घेताना एकाच कंपनीचे बॉर्डर राउटर घ्या असं मी तरी सांगतो.

आज्जीचाफोन
अ‍ॅक्सेस पॉइंट मोड केला. नातवाने केला, मी शेजारी उभी होते. चालतंय!!

चिंचवडकर
अपडेट.

प्युरिफायरच्या पॉइंटला प्लग लावला. पहिल्या रात्री आईने तोही बंद केला, म्हणे पाणी भरून झालं. दुसऱ्या दिवशी बटणावर चिकटपट्टी लावून त्यावर पेनने लिहिलं "चालू ठेवणे". आई म्हणाली आधी सांगायचं ना. तेव्हापासून सेन्सर एकदाही गेलेला नाही, तेरा दिवस झाले. ओपनथ्रेडच्या (थ्रेडचं खुलं सॉफ्टवेअर) टेबलात बघितलं, सेन्सरचा पालक आता तो प्लग आहे, सिग्नल उणे ९१ वरून उणे ६८ वर आला (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). पॅसेजचं बटण आई रोज बंद करते, करू दे.

मध्ये गुरुवारी दुपारी आमच्याकडे लाईट गेली, अडीच तास. घरात इन्व्हर्टर आहे पण त्यावर फक्त पंखे, ट्यूब आणि वायफाय. स्पीकर चालू राहिला कारण तो वायफायच्या पट्टीवरच आहे, किचनचा प्लग मेला, सेन्सर परत हाका मारायला लागला असणार. लाईट आल्यावर तीन-चार मिनिटांत सगळे आपापले जागेवर आले, मला काही करावं लागलं नाही. पण गळती लाईट नसतानाच झाली तर?

वायरमन७७
लाईट नसेल तर मशीन चालणार नाही, मग पाणी कुठून गळणार साहेब.

चिंचवडकर
नळ उघडा असतो ना मशीनचा मागचा. त्या वेळी पण पाइपच निसटला होता.

वायरमन७७
मग बाहेर जाताना नळ बंद करा. आणि इन्व्हर्टरच्या सर्किटवर किचनचा एक पॉइंट घ्यायचा असेल तर तासाभराचं काम आहे, बाकी काही तोडफोड नाही.

फ्यूजउडाला
धाग्यावर उशिरा विचारतोय. आमची सात मजली बिल्डिंग, टाकी गच्चीवर, मी दुसऱ्या मजल्यावर. टाकीत लेव्हलचा थ्रेड सेन्सर टाकला तर घरी कळेल का पाणी किती आहे? चेअरमन मागे लागलेत.

पाटावरवंटा
मध्ये पाच-सहा स्लॅब आहेत. प्रत्येक मजल्यावर कोणाच्या तरी घरात तुमचा राउटर ठेवायला लागेल, शेजारी ऐकतील का ते तुम्हीच बघा. लांबचं काम असेल तर वेगळा रेडिओ घ्या, लोरा वगैरे, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी परवान्याशिवाय वापरता येतो, कमी फ्रिक्वेन्सी स्लॅबमधून बरी जाते. थ्रेड घरातल्या घरात.

वायरमन७७
फ्लोट स्विच लावा. वायर टाकून देतो.